गजराबाईचा घण

गजराबाईकडे खुरपं घ्यायला गेलं की ती आधी हात मागायची. हात पुढे केला की तो उलटासुलटा करून बघायची, तळव्यावर अंगठा दाबायची, बोटं मागे वाकवायची आणि मग तोंड वाकडं करायची. "बाई, ह्या हातानं जल्मभर खडूच धरला व्हय?" पहिल्याच भेटीत तिनं मला हे ऐकवलं, तेही तिसगावच्या भर बाजारात, माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांच्या देखत. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. शेखबाई म्हटलं की अजून लोक सायकलवरून खाली उतरतात. माझ्या हाताला असं कुणी नाव ठेवलं नव्हतं. राग आला, पण तिनं माझा हात सोडलेला नव्हता आणि ती तो लवकर सोडेल असं काही दिसत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मला बागेचं वेड लागलं. घरामागे चार खोल्यांएवढी मोकळी जागा होती, सगळा मुरूम. नागापूरला कारखान्यात असलेल्या माझ्या मुलानं, इरफाननं, मोबाईलवरून मागवून मला बागकामाच्या हत्यारांचा एक डबा पाठवला. लहान फावडं, काटा, कात्री, हातमोजे, सगळ्यांच्या मुठी गुलाबी. तिसऱ्या दिवशी त्या फावड्यानं आमच्या मुरमापुढे मान टाकली. तेच सरळ करून घ्यायला मी गजराबाईकडे गेले होते.

तिनं फावडं हातात घेतलं, नखानं वाजवलं आणि मला विचारलं, "हे भाजी वाढायचं हाय ना? मग मातीत कशाला घातलं?" मी काही बोलायच्या आत तिनं ते गुडघ्यावर ठेवून दुमडलं आणि मागे भंगाराच्या ढिगावर भिरकावलं. मुलानं पाठवलेली वस्तू! मी चिडून म्हटलं, "अगं, विचारायचं तरी!" तर म्हणाली, "इचारून काय मोडायचं? बसा. खुरपं देते."

भट्टी होती बाजाराच्या टोकाला, कडुनिंबाखाली. ऐरणीपुढे तिचा नवरा किसन बसायचा, डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडी. समोर गजराबाई उभी, हातात घण. पदर कमरेला घट्ट खोचलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दंड असे की आमच्या शाळेतल्या व्यायामाच्या सरांनी लाजावं. ट्रकच्या कमानीचा पाटा तापून लाल झाला की किसन तो सांडशीत धरून ऐरणीवर ठेवायचा आणि हातोडीनं एके ठिकाणी टिचकी मारायचा. पुढच्या क्षणी नेमका तिथंच घण पडायचा. पुन्हा टिचकी, पुन्हा घण. एक शब्द नाही. हातोडीनं सांगायचं आणि घणानं ऐकायचं. किसननं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. तिसगावातल्या लहान पोरांनाही ही खूण ठाऊक होती.

ते खुरपं आजही माझ्याकडे आहे. माझं मनगट उजवीकडे वळताना दुखतं हे तिनं हात दाबूनच ओळखलं होतं, म्हणून पात्याचा बाक तिनं किसनकडून जरा डावीकडे घालून घेतला. बाभळीची मूठ, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. नंतर कुंड्यांसाठी वीतभर दांड्याची कुदळ, लव्हाळ्याच्या गाठी उपटायला दोन दातांचा पंजा, उंचावरच्या शेवग्याच्या शेंगा ओढायला आकडी, असं एकेक करून माझं सगळं घरच तिनं लोखंडानं भरून टाकलं. ही सगळी कल्पना तिची, माप तिचं, घाव तिचे. गाव मात्र म्हणायचं, किसनचं खुरपं. कारण सांडशी ज्याच्या हातात, कारागीर तो. बाईनं ऐरणीपुढे बसायचं नसतं, तिनं उभं राहून घण घालायचा, असाच त्यांच्याकडचा रिवाज होता.

गजराबाई हळू काहीच करायची नाही. चहाचा कप ठेवायची तो आपटून. हसायची ती समोरच्याच्या पाठीत गुद्दा घालून. एकदा माझी बाग बघायला आली तेव्हा वांग्याच्या वाफ्यात बसून तिनं हराळी उपटली ती जुना हिशोब चुकता केल्यासारखी, मुळासकट, दात-ओठ खाऊन. तेवढ्यात मेथीतून घोणस निघाली. मी ओरडून पायरीवर चढले. गजराबाईनं बसल्या जागेवरून खुरपं मारलं आणि डोकं वेगळं केलं. धड बराच वेळ तिच्या पायापाशी वळवळत होतं आणि ती खुरप्याची धार तपासत होती. "बघा, पानी कसं बसलंय," ती मला म्हणाली. लोखंडाला पाणी पाजणं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करणं, चांगलं जमलंय, असं तिचं म्हणणं होतं. मला पाणी प्यायला हवं होतं ते वेगळं.

तिचं एक वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं. "लोखंड ऐकत न्हाई तवर मारायचं. ऐकलं की हात आवरायचा. मानसांला हे कळत न्हाई." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते छान वाटलं, वहीत लिहूनही ठेवलं. ते ती कुणाविषयी बोलत होती हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची मला आजही लाज वाटते.

एका बाजारात मोटारसायकलवर दोन तरुण आले. पुढच्यानं खाली न उतरताच सांगितलं, "दोन कोयते पायजेत. लांब पात्याचे." गजराबाईनं नेहमीसारखा हात मागितला. तो हसला, पण हात पुढे केला. तिनं तळवा दाबला आणि सोडून दिला.

"ऊसतोडीला पायजे व्हय?"

"तुला काय करायचंय, म्हातारे?"

"तुझ्या हाताला घट्टा न्हाई. ऊस तोडनाऱ्याचा हात असा ऱ्हातो का? मानसं तोडायला मी कोयता देत न्हाई."

किसन मागून म्हणाला, "गप गं. देतो की, बसा जरा." पण पोरगा पेटला होता. खाली उतरला आणि त्यानं भट्टीला लाथ घातली. निखारे उडाले. एक माझ्या चपलेपाशी पडला. दुसऱ्या पोरानं गजराबाईची वेणी धरून तिला मागे ओढलं. पुढे जे झालं ते इतक्या झटपट झालं की मी नीट सांगूही शकत नाही. तिनं कोपर मागे हाणलं, त्याचं नाक फुटलं, रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर आलं. मग तिनं भट्टीतून लाल पाटा ओढला आणि पहिल्याच्या तोंडासमोर धरला. तो मागे सरकत सरकत गाडीपर्यंत गेला. तिनं पाटा गाडीच्या सीटवर टेकवला. रेक्झिन जळाल्याचा घाण वास सुटला. "आता बस ह्याच्यावर," ती म्हणाली. पोरं गाडी ढकलत पळाली. सारा बाजार हसला, मीही हसले. किसन हसला नाही. तो मान खाली घालून निखारे गोळा करत होता.

पुढच्या बाजारी गजराबाईचा डावा डोळा मिटलेला होता, गाल निळा. घण मात्र पडतच होता. मी विचारलं तर म्हणाली, "पडले." मी शाळेत पडलेली पोरं पुष्कळ पाहिलीत, पडल्यानं गालावर चार बोटं उठत नाहीत. किसननं तिला हातानं आणि मग घणाच्या सुट्या दांड्यानं मारलं होतं, गिऱ्हाईक घालवलं म्हणून, चारचौघांत त्याचं ऐकलं नाही म्हणून. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. शेजारच्या भाजीवालीनं मला ते अगदी सहज सांगितलं, कोथिंबिरीचा भाव सांगावा तसं.

मग मी तो मूर्खपणा केला. भर बाजारात किसनपुढे जाऊन उभी राहिले आणि वर्गात काढायचे तो आवाज काढला. "लाज नाही वाटत? जिच्या जिवावर खातोस तिलाच मारतोस? पुन्हा हात लावलास तर पोलिसांत देईन!" लोक जमले. किसन खाली बघत म्हणाला, "चुकलं, बाई." मला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! एका वात्रट मुलाला वळण लावल्यासारखं. मी गजराबाईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. घणाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ती नुसती उभी होती. आणि तिच्या तोंडावर, तिला ओळखत होते तेव्हापासून पहिल्यांदाच, मला भीती दिसली.

पुढचे दोन बाजार भट्टी लागली नाही. मी त्यांच्या घरी गेले. ती बाजेवर पडून होती. दोन बरगड्या मोडलेल्या, पाठीवर काळेनिळे पट्टे, एका कानानं ऐकू येत नव्हतं. त्यानं दार लावून मारलं होतं आणि मारताना माझी नक्कल केली होती, "लाज नाही वाटत? लाज नाही वाटत?" हे तिनंच मला सांगितलं. मी रडायला लागले. पोलिसांत जाऊ म्हटलं, माझ्या घरी राहायला चल म्हटलं.

"तुमच्याकडं यिऊन काय करू? हराळी काढू?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "बाई, मला ऐरन पायजे. दुसरं काय येत न्हाई मला. आन् ऐरन त्याची हाय." मग जरा वेळानं म्हणाली, "तुमी आता काय बोलू नका. तुमचं बोलनं माझ्या अंगावर पडतं."

त्यानंतर मी बोलले नाही. तिसऱ्या बाजारी दोघं पुन्हा कडुनिंबाखाली होते. मी लांबूनच जाणार होते, पण तिनं हाक मारली. "बाई, तुमची कुदळ बोथटलीय म्हनला हुता ना? आना." म्हणून त्या दिवशी मी तिथं, चार पावलांवर, हातात पिशवी धरून उभी होते.

किसननं पाटा काढला. एका शेतकऱ्याला खुरपं हवं होतं. टिचकी, घण. टिचकी, घण. बरगड्या बांधलेल्या असूनही तिचा घाव नेहमीसारखाच नेमका पडत होता, फक्त श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पातं पसरलं, बाक आला. किसननं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली.

घण पडला.

किसननं वर बघितलं. हातोडी उचलून पुन्हा आडवी ठेवली, या वेळी आपटून. घण पडला. "ए, बास!" घण पडला. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, लोखंडाकडे बघत होती. त्याला सांडशी सोडता येईना. सोडली तर तापलेलं पातं उसळून मांडीवर येणार. हात ओढावा तर घण मध्ये येणार. पातं पातळ झालं, लाल रंग गेला, काळं पडलं. गार लोखंडावर घण बसला की धरणाऱ्याच्या हाडापर्यंत झिणझिण्या जातात. त्याचा हात खांद्यापर्यंत थडथडत होता. "थांब की गं! अगं थांब! गजरे!" तो ओरडत होता, शिव्या घालत होता, आणि मग रडायला लागला. चाळीस-पन्नास माणसं गोल करून उभी होती आणि एकही पुढे झालं नाही. मीही नाही. मी खरं सांगते, ती थांबू नये असंच मला वाटत होतं.

मग कमानीचं ते गार लोखंड फुटलं. फटाक्यासारखा आवाज झाला आणि एक तुकडा उसळून किसनच्या डाव्या हातात घुसला. सांडशी पडली. अंगठा नुसत्या कातडीवर लोंबत होता. रक्त ऐरणीवर पडलं आणि ऐरण अजून कोमट होती म्हणून त्याचा वास आला. गजराबाईनं घण खाली ठेवला. कमरेचा पदर सोडला, टर्रकन फाडला आणि त्याचा हात बांधायला बसली. "वर धर. वर धर म्हनते ना," ती त्याला म्हणत होती आणि तो ऐकत होता.

नगरच्या दवाखान्यात अंगठा गेलाच. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर खाटेपाशी हवालदार बसलेले. खेड्यातलेच होते, भट्टीची खूण त्यांनाही माहीत. मलाच त्यांनी आधी विचारलं, "बाई, तुम्ही तिथं होता म्हणे. यानं हातोडी आडवी ठेवली होती का?"

जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेली मी. मी म्हटलं, "गर्दी होती. मला काही दिसलं नाही."

खाटेच्या पायथ्याशी गजराबाई बसली होती. ती उठून उभी राहिली. "ठिवली हुती," ती म्हणाली. "दोनदा ठिवली. म्या थांबले न्हाई."

हवालदारांचं पेन थांबलं. ते म्हणाले, "बाई, काय बोलतेस ते कळतंय का? आत जाशील."

"जाईन की. पन खोटं कशाला लिवता? त्यो मारायचा तवा मी बी म्हनायचे, थांब. त्यो बी थांबला न्हाई. ते बी लिवा."

हवालदार किसनकडे वळले. किसन पांढराफटक पडला होता. त्यानं बायकोकडे बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या हातांकडे. मग तो हळू आवाजात म्हणाला, "हातोडी आडवी ठिवलीच न्हाई म्या. इसारलो. माझीच चूक." ज्या माणसानं गिऱ्हाईकापुढे कधी एक वाकडा घाव कबूल केला नव्हता त्यानं सगळ्या वॉर्डासमोर आपली कारागिरी मातीत घातली. दया म्हणून नाही, भीतीनं. हवालदारांनी तेच लिहून घेतलं, अंगठा मागितला, आणि मग स्वतःच ओशाळून उजव्या हाताचा घेतला.

किसनला आता सांडशी धरता येणार नव्हती. भट्टी मोडेल असं सगळं गाव म्हणत होतं. गजराबाईचा मुलगा सोनईला टेम्पो चालवतो. दोघं तिकडे निघून गेली. जाताना तिला ऐरण स्वतः उचलून टेम्पोत घालताना मी बघितलं. मला म्हणाली, "बाई, खुरप्याला पाऊसकाळात तेल लावा." एवढंच.

दोन वर्षांनी सोनईला एका लग्नाला गेले आणि मुद्दाम वाट वाकडी करून तिला शोधलं. बाजारपेठेच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली भट्टी होती. ऐरणीपुढे गजराबाई बसली होती, डाव्या हातात सांडशी. बाई ऐरणीपुढे बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि माझा ऊर भरून आला. किसन कोपऱ्यात बसून उजव्या हातानं भात्याचा पंखा फिरवत होता. मला बघून त्यानं मान हलवली. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. समोर घण घेऊन उभी होती तिची सून, लता, विशी-बाविशीची, काटकुळी.

"चुकली! पुन्हा चुकली! डोळं फुटलं का तुझं?" गजराबाई ओरडत होती. लतानं घण उचलला. तिच्या दंडावर, बाहीच्या खाली, एक आडवा वळ होता, जांभळा, ताजा. दांड्याच्या जाडीचा. मी अनेक वळ बघितलेत; तो मला चांगला ओळखीचा होता.

बोलू नको, माझं मन म्हणालं. तू बोललीस की दुसऱ्याच्या अंगावर पडतं. मी शेडच्या आत गेले. गजराबाई हसून उठायला लागली, "बाई! या या!" मी बसले नाही. तिच्या जवळ वाकून, तिच्या चांगल्या कानाशी, कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू विचारलं, "गजराबाई, तू मारलंस हिला?"

तिचं हसू तसंच राहिलं आणि मग उतरलं. तिनं लताच्या दंडाकडे बघितलं. लतानं पटकन पदर ओढून घेतला. त्या पदर ओढण्यानं गजराबाईला काय झालं ते मला सांगता येणार नाही. पण ती कुणीतरी छातीत बुक्की मारावी तशी मागे टेकली. पंखा थांबला होता. सांडशीतलं लोखंड काळं पडत गेलं.

मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली. लताच्या हातातला घण तिनं काढून घेतला. लता अंग चोरून मागे सरली, तोंडासमोर हात धरून. ते बघून गजराबाईनं डोळे मिटले.

"बस तिथं," ती म्हणाली. लता हलली नाही. "ऐरनीपुढं बस म्हनते. सांडशी धर."

लता बसली, भीतभीत, माझ्याकडे आणि सासऱ्याकडे बघत. किसननं पंखा फिरवायला सुरुवात केली. लोखंड पुन्हा लाल झालं. लतानं ते ऐरणीवर ठेवलं आणि हातोडीनं अगदी हलकेच टिचकी मारली, जेमतेम वाजेल एवढी.

घण खांद्यावर घेऊन, बरगडीवर एक हात दाबून, गजराबाई उभी होती. डोळ्यांतलं पाणी गालावर तसंच होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

"जोरात सांग की गं," ती ओरडली. "मला ऐकू येत न्हाई. कुठं मारू?"